आठ दिवस गाडी तुमची

किसनतात्या, तुमच्याच नियमानं बघितलं तर ही गाडी कालपर्यंत तुमचीच होती.

"नवं सामान बसवलं की आठ दिस गाडी माझी," असं तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचात. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. नवा ब्रेक असो, नवी फ्रीव्हील असो, नाहीतर नुसतं पायडल असो. तुम्ही ते बसवायचात आणि गिऱ्हाइकाच्या हातात न देता स्वतःच टांग मारून निघायचात. मोडायचं तर तुमच्याखाली मोडू दे, पडायचं तर तुम्ही पडणार. आठ दिवस भरले की गिऱ्हाईक यायचं. तुम्ही हँडल घट्ट धरून विचारायचात, "गाडी कुनाची?" त्यानं "माझी" म्हटलं की मगच हँडल सोडायचात. सेलूतले लोक ह्याला हसायचे. लोहार सायकल विकत नाही, पोरगी सासरी धाडतो, म्हणायचे. मीही हसायचो.

तुम्हाला तिसऱ्या दिवशी मारलं. पाच दिवस शिल्लक राहिले.

तुमच्यावर मी एक पत्रक लिहिलं, आधी तेच सांगतो. एका बैठकीत लिहिलं. 'नराधम', 'रक्तपिपासू', 'आहुती', सगळे शब्द होते त्यात. माझ्याकडे ते शब्द तयारच असतात, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरी जाऊन सरूकाकूंना वाचून दाखवलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं हाय. पर हे कुनाचं हाय? ह्यात त्येंचा पाना कुठंय?"

ते पत्रक मी त्याच चुलीत घातलं. हे दुसरं.

तात्या, आपण भांडायचो फार. बाकीचे लोक भांडतात ते शेताच्या बांधावरून. आपण भांडायचो सायकलीच्या सुट्या भागांवरून. तुमचा बाप, आजा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवत आले, आणि तुम्ही ऐरणीशेजारी सायकल उलटी टांगून बसलात. हबला तुम्ही शेवटपर्यंत तुंबाच म्हणालात आणि स्पोकांना आरे. लोखंड बोटानं टिचकी मारून ऐकायचात. मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा पिशवीत पत्रकं होती आणि डोक्यात एकच गोष्ट: फ्रीव्हील टकटक करते. मला ती टकटक नको होती. चौकीवरून उतारानं जाताना पाय थांबवले की टक टक टक टक, जणू मागून कोणी सांगतंय, हा चालला बघा.

"हिला मुकी करा," मी म्हणालो.

"टकटक हाय तवर फ्री जित्ती हाय," तुम्ही म्हणालात. "मुकी केलीस तर मरंल."

"तुम्हाला चळवळीचं काही कळत नाही."

"न्हाई कळत. फ्रीचं कळतंय."

तरी माझ्या हट्टापायी तुम्ही तिच्यात बैलगाडीच्या आसाचं घट्ट वंगण भरलंत. एकदम गप्प झाली. मी गाडी मागितली. तुम्ही म्हणालात, आठ दिस. मी दुकानात उभा राहून तुम्हाला प्रतिगामी म्हणालो. तुम्ही विचारलंत, "म्हंजी काय?" मी सांगितलं, जो माणूस पुढं जाऊ देत नाही तो. तुम्ही म्हणालात, "मंग ब्रेकबी प्रतिगामीच की," आणि टांग मारून गेलात.

पाचव्या दिवशी मानवतच्या अडतीपुढे आतले दात त्या वंगणात रुतले. तुम्ही जोरात पायडल मारलं, ते रिकामंच फिरलं आणि तुम्ही हँडलवरून तोंडावर पडलात. परत आलात तेव्हा हनुवटी उघडी पडली होती. आतलं पांढरं दिसत होतं. रक्त सदऱ्यावरून धोतरापर्यंत उतरलेलं. तुम्ही मला फ्री खोलून दाखवलीत, त्यावरही तुमचंच रक्त. "ही बग. मुकी फ्री. आता चौकीम्होरं हिनं दगा दिला आसता तर तुजं थोबाड फुटलं आसतं, आन् वरनं त्येंनी फोडलं आसतं." मग म्हणालो, पातळ तेल घालून बघू. तुम्ही हसलात, आणि हनुवटीचं पुन्हा वाहायला लागलं.

मग भरीव टायरांचा नाद. बाभळीच्या काट्यानं मी महिन्यातून किती वेळा पंक्चर काढत बसायचो याला गणती नव्हती, आणि पंक्चर काढत रस्त्याकडेला बसलेला माणूस म्हणजे पकडायला ठेवलेला माणूस. भरीव रबराचं टायर. हवा नाही, ट्यूब नाही, काटा घुसला तरी घुसू दे. मी ते आणलं तेव्हा प्रश्न सुटला असंच समजून आणलं. तुम्ही आठ दिवस त्यावर बसलात. काटे घुसले आणि तिथंच राहिले, चाक चालतच राहिलं, खरं आहे. पण मागचे आरे एकेक करून तुटले आणि आठव्या दिवशी तुम्ही कंबर धरून भिंतीला टेकून बसलात. लघवी लाल झाली, असं काकूंनी मला रागानं सांगितलं. तुम्ही तुमचा निकाल दिलात: "काट्यानं टायर मरतंय का टायरानं मानूस, तूच ठरीव. हवा म्हंजी काय, तर दुसऱ्याचा मार खायाला मधी ठिवलेली वस्तू."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता ते मला गिळवत नाही.

आणि बोटांचं. ते मी आधी एका पत्रकात लिहिलं होतं, खोटं लिहिलं होतं. सरकारच्या जोरावर गावोगाव दहशत घालत फिरणाऱ्या खाकी टोळीचे दोघं तुमच्या दुकानात आले. परचेवाल्यांच्या, म्हणजे आम्हा पत्रकवाल्यांच्या, सायकली कायकू बनाता, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, गाडीला जात नस्ती सायेब. त्यांनी तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं तुमच्याच शिकंजात घातली आणि दांडा फिरवला. ज्या शिकंजात तुम्ही धुरा पकडून कानस मारायचात, त्यातच. तो दांडा किती फिरवला की लोखंडावर वळ उठतो हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. कोणाच्या गाड्या, ते तुम्ही सांगितलं नाही. माझं नाव तुमच्या जिभेवर होतं आणि तिथंच राहिलं. मी लिहिलं, 'या पोलादी पुरुषानं हूं की चूं केलं नाही.' तुम्ही ते दुसऱ्याकडून वाचून घेतलंत आणि मला हाक मारलीत.

"लेका, मी बोंबललो की! ठेसनापस्तोर ऐकू गेलं आसंल. खोटं कामून लिवतो?"

"तात्या, लोकांना धीर येतो."

"येतो? उद्या दुसऱ्याची बोटं घातली आन् त्यो बोंबलला, की त्येला वाटंल आपुनच भेकड. मी बोंबललो आसं लिव. बोंबललो आन् सांगितलं न्हाई, आसं लिव."

लिहिलं नाही तात्या. आज लिहितो. तुम्ही बोंबललात आणि सांगितलं नाही.

आता त्या तुंब्याचं, ज्यानं हे सगळं झालं.

लढाईतून उरलेलं सामान मुंबईच्या पेठेत निघालं होतं. त्यातला एक हब रेल्वे पार्सलानं सेलूला आला. मागच्या चाकाचा. त्याच्या पोटातच ब्रेक. हँडलला मूठ नको, सळया नकोत, रबराचे गुटके नकोत. पायडल पुढे मारलं की गाडी चालते, थांबवलं की चाक मोकळं फिरतं, आणि उलटं दाबलं की आतल्या आत आवळतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. मी तर वेडाच झालो. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चिखल मडगार्डात बसतो, गुटक्यांत बसतो, ब्रेक दाबला तरी रिम मातीवरून घसरत जाते. इथं माती आत जाणारच नाही. शिवाय दोन्ही हात मोकळे.

तुम्ही तो हब तळहातावर तोलून बघितलात. टिचकी मारलीत. आवाज ऐकलात.

"लोकंड चोख हाय," म्हणालात. "पर जड हाय. लांब उतार लागला तर आतलं वंगण तापून वितळंल. चेन उतरली की ब्रेकबी गेला, एकाच दोरीला दोन बैल. आन् रस्त्यावर बिघडला तर तुला उघडता यायचा न्हाई, तुजा बाप आला तरी."

"आणि चिखलात?"

"चिखलात राजा हाय," तुम्ही कबूल केलंत. मग थांबलात. "आजून एक. टांग मारताना तू काय करतोस?"

मी म्हणालो, टांग मारतो. तुम्ही मला उभं करून करायला लावलंत. तेव्हा दिसलं. आपण सगळेच, गाडीवर चढायच्या आधी, डाव्या पायाच्या चवड्यानं पायडल मागं ढकलून हवं तिथं आणतो, मग त्यावर पाय देऊन टांग टाकतो. कोणी शिकवत नाही, पायच करतो. ह्या हबला ते चालत नाही. मागं ढकललं की ब्रेक लागतो. पायडल जिथं थांबलं असेल तिथूनच चढायचं.

"पळायच्या वक्ताला पायडल कुठं थांबलंय ते तुज्या हातात न्हाई," तुम्ही म्हणालात.

"होईल सवय. एका फेरीत होईल."

"बसवतो. आठ दिस."

आणि मी काही बोललो नाही.

तुमच्या लक्षात आलं. हबचे छर्रे बशीत ओतता ओतता मान वर न करता म्हणालात, "काय पुढारी? आज आठ दिसांवरनं भांडाना गेलास?" मी म्हणालो, घाई नाही. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा छर्रे मोजायला लागलात.

तात्या, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. काकूंना परवा सांगितलं. आता तुम्हाला सांगतो. मला आदल्या दिवशी निरोप मिळाला होता. मानवतच्या बाजूनं टोळीवाले विचारत फिरायलेत, हिरव्या चेन-कव्हरची गाडी कोणाची. माझी गाडी ओळखली गेली होती. हब बसवायचा होता हे खरं. पण आठ दिवस ती गाडी माझ्या बुडाखाली नसावी, हेही मला हवं होतं. तुमचा नियम ज्याला मी जन्मभर शिव्या दिल्या, त्याच्या आड मी लपलो. तुम्हाला एक शब्द बोललो नाही. मी, जो रस्त्यावरच्या प्रत्येक भेकडाचं नाव घेऊन पत्रकं काढतो.

पहिला दिवस तुम्ही स्टेशनापर्यंत गेलात. दुसरा दिवस ओढ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी देवगाव फाट्याकडे गेलात, कारण त्या वाटेवर चिखलही आहे आणि उतारही आहे.

दुपारी बाबूमियाँचा टांगा तुमच्या दारात उभा राहिला. बाबूमियाँ म्हणजे सेलू ते फाटा रोज टांगा हाकणारा, ज्याच्या टांग्याच्या धावा तुम्हीच बसवल्या होत्या. टांग्यात मागच्या बाजूला तुम्ही होतात आणि तुमच्या पायांवर सायकल. पुढचं चाक पिळून सुंभ झालेलं. बाबूमियाँच्या सदऱ्याला छातीपासून खाली रक्त. त्यानं तुम्हाला एकट्यानं उचलून टांग्यात घातलं होतं, तेव्हा लागलेलं ते तुमचंच रक्त. माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मला फक्त टोळीवाल्यांसारखी दाढी दिसली आणि रक्त दिसलं. खुंटीला तुमचा मोठा पाना होता, तो मी काढला आणि बाबूमियाँच्या खांद्यावर घातला. हाड वाजलं. मी ऐकलं, तात्या, तुम्ही टिचकी मारून ऐकायचात तसं. मी दुसऱ्यांदा उचलला, आणि बाबूमियाँ मागं सरला नाही.

"मार बेटा," तो म्हणाला. "मैं खडा देखता रहा, ये सच्ची बात हाय. मार."

काकू मध्ये आल्या नसत्या तर मारला असता. त्यांनी माझ्या मुस्काटात दिली. म्हणाल्या, "ज्यानं मारलं त्येला मारायचं धाडस न्हाई, आन् ज्यानं घरी आनलं त्येला मारतो व्हय रे, मुडद्या?"

मग बाबूमियाँनं एका हातानं दुसरा हात धरून, तिथंच चिखलात बसून सांगितलं.

फाट्यावर चौघं होते. दोन काठ्या, एक बर्ची, एकाच्या कमरेला पिस्तूल, ते त्यानं काढलं नाही. तुम्ही ओढ्याच्या उतारावरून येत होतात. त्यांनी हात केला तसे तुम्ही थांबलात. बाबूमियाँ म्हणाला, लय सफाईनं थांबलात, उलटा पाय दिलात आणि गाडी एका रेषेत उभी राहिली. तुम्ही स्वतःशीच मान हलवलीत. म्हणजे ब्रेक पास झाला होता, तात्या.

हिरव्या कव्हरवर एकानं काठी टेकवली. "गाडी किसकी है?"

"मेरी," तुम्ही म्हणालात.

"झूट. ये तो उस परचेवाले की है."

"परचेवाल्याची आसंल तवा आसंल. आज माझी हाय."

बाबूमियाँला वाटलं, तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात. पत्रकात मीही तेच लिहिलं होतं. आता मला तसं वाटत नाही. तुमच्या लेखी ते खोटं नव्हतंच. तिसरा दिवस होता. गाडी तुमचीच होती. तुम्ही ते जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं, त्या चौघांनाही तेच सांगितलंत, आणि त्या हरामखोरांना ते समजायची अक्कल नव्हती. मी तिथं असतो तर गाडी माझी म्हटलं असतं का? मी हा प्रश्न रोज स्वतःला विचारतो आणि रोज उत्तर बदलतं. कोणी मला शूर म्हणायचं असेल तर आधी हे ऐकावं.

त्यांनी तुमची पिशवी उलटी केली. पाने, तेलाचा डबा, चिंधी. कागद नव्हता. एकानं थोबाडीत मारली, तुमच्या हनुवटीची जुनी जखम फुटली. तेवढ्यात सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. चौघांची तोंडं तिकडं वळली. एवढाच वेळ होता. एक टांग मारण्याएवढा. पुढे उतार, पुढे टांग्याची वाट, पुढे ज्वारीचं रान.

तुम्ही हँडल धरलंत आणि डाव्या चवड्यानं पायडल मागं ढकललंत.

चाळीस वर्षांची सवय, तात्या. मलाच बजावलंत आणि तुमचाच पाय विसरला. ब्रेक लागला. चाक जागीच मेलं. तुम्ही टांग टाकलेली, गाडी हलेना, तुम्ही डाव्या अंगावर गाडीसकट पडलात. पहिली काठी कोपरावर. दुसरी तुम्ही हात वर केलात त्या हातावर, त्याच दोन मोडक्या बोटांवर. मग डोक्यावर किती, ते बाबूमियाँला मोजता आलं नाही. तुम्ही बोंबललात. हो, बोंबललात, मी विचारून घेतलं. परचेवाला कुठंय ते शेवटपर्यंत विचारत होते. तुम्ही सांगितलं नाही. मग बर्ची बरगडीखाली घातली आणि पायानं ढकलून काढली. जाताना पुढचं चाक दगडानं ठेचलं आणि गाडी तुमच्यावर फेकली.

मागच्या हबला ओरखडाही नाही.

त्या संध्याकाळी मी तो हब ऐरणीवर ठेवून घणानं फोडणार होतो. काकूंनी घण धरला. म्हणाल्या, "त्येचं काय चुकलं?" मग आत जाऊन काळ्या रंगाचा एक डबा घेऊन आल्या. न उघडलेला.

"दुसऱ्या दिशी त्येंनी बाजारातनं आनला हुता. म्हनले, पोरगा भांडला न्हाई, म्हंजी कायतरी हाय. टांगेवाल्याला इचारलं, त्येनं सांगितलं हिरव्या कव्हराचं. म्या म्हनलं, मंग रंगवा की आत्ताच. तर म्हनले, रंग वाळंपस्तोर गाडी उभी ऱ्हाती. एक दिस बुडंल. आठ दिस झाल्यावर देऊ."

तुम्हाला माहीत होतं.

तात्या, तुमच्यावर माझा राग आहे. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात, मी धरणार. मी तुम्हाला सांगितलं नाही हा माझा गुन्हा. पण तुम्हाला कळलं होतं, डबा घरात होता, कुंचला होता, आणि तुम्ही एक दिवस बुडू दिला नाहीत! माणूस बुडाला तो चालला? पारख, पारख, पारख. जिवापेक्षा पारख मोठी असते का? या, उठा आणि द्या उत्तर. टिचकी मारा माझ्या कवटीवर आणि सांगा काय आवाज येतो.

तुमची राख थंड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुढचं चाक बदललं आणि चेन-कव्हर काळं केलं. आधी रंग. एक दिवस गाडी उन्हात उभी केली. इथं तुम्ही चुकलात आणि मी तुमचा नियम मोडला, हे तोंडावर सांगतो. मग पहिल्यापासून आठ दिवस मोजायला घेतले, कारण अर्धवट पारख तुम्ही धरत नव्हतात. ह्याच फाट्याच्या वाटेनं. कमरेला तुमचा पाना. खरं सांगतो, पहिल्या दिवशी पारखायला गेलो नव्हतो, चौघांतला एक तरी सापडेल म्हणून गेलो होतो. फाट्यावर कोणी नव्हतं. त्यांनी बसायला वापरलेला ओंडका होता, तो मी पान्यानं ठेचत बसलो, हाताला फोड येईपर्यंत. ओंडक्याला काय फरक पडतो.

बाबूमियाँ माझ्याशी बोलत नव्हता. बोलेल कसा? हात गळ्यात बांधलेला. पण रोज माझ्या पुढे थोड्या अंतरावर त्याचा टांगा चालायचा, एका हातानं लगाम धरून. मी हळू झालो की तो हळू.

आणि तिसऱ्या दिवशी, ओढ्याच्या काठी, पाणी पिऊन मी परत चढायला गेलो आणि माझ्या चवड्यानं पायडल मागं ढकललं. ब्रेक लागला. मी डाव्या अंगावर चिखलात पडलो, गाडी माझ्यावर. तसाच पडून राहिलो. वर आभाळ. तुम्ही शेवटचं हेच बघितलं असणार, असं वाटलं.

मला सगळं माहीत होतं, तात्या. हब माहीत होता, तुमचं बोलणं माहीत होतं, तुम्ही कसे मेलात ते माहीत होतं. दोन दिवस ध्यानात ठेवून नीट चढलो होतो. आणि तिसऱ्या दिवशी ध्यान सुटलं, तसा पाय जुन्या वळणावर गेला. तिथं चिखलात मला कळलं आठ दिवस कशाला. सामान एका फेरीत कळतं, मी म्हणायचो ते बरोबरच होतं. आठ दिवस सामानासाठी नव्हतेच. ते पायासाठी होते. तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. मी कधी विचारलं नाही. मी फक्त भांडलो. आणि सहाव्या दिवसापर्यंत तुम्हाला जगू दिलं असतं तर तुमचा पायही शिकला असता, आणि त्या भोंग्याच्या वेळी तुम्ही ज्वारीत शिरला असतात. हे मला त्या चौघांच्या छातीवर बसून सांगायचं आहे.

चौथ्या दिवशी दोनदा चुकलो. पाचव्या दिवशी एकदा, पण पडलो नाही.

सहाव्या दिवशी फाट्याच्या अलीकडे टांगा थांबला आणि बाबूमियाँनं चाबूक उभा धरला. पुढं वळणावर खाकी दिसली. मी उतरलेला होतो, चेन बघत होतो. छातीत ऐरण वाजत होती. पायडल वर थांबलेलं, चढायला सगळ्यात अवघड जागी. चवडा उचलला गेला. आणि थांबला. मी नाही थांबवला, तो थांबला. उजव्या हातानं गाडीचं खोगीर उचलून मागचं चाक अधांतरी धरलं, पायडल पुढे दाबत खाली आणलं, चाक टेकवलं, टांग टाकली, आणि ओढ्याच्या अंगानं काळ्या चिखलातून उतरलो. मागं ओरडले. एक दगड पाठीत बसला, त्याचा वळ अजून आहे. उताराच्या तळाशी उलटा पाय दिला, चिखलानं भरलेलं चाक जागच्या जागी थांबलं, आणि मी गाडी उचलून ज्वारीत शिरलो. सळयांचा ब्रेक असता तर ओढ्यात गेलो असतो.

म्हणून माझा निकाल लिहून ठेवतो. तुम्ही द्यायचात तसा. हब जड आहे. चेन उतरली तर दगा देईल, म्हणून चेन रोज बघावी. लांब उतारावर तापतो. रस्त्यात उघडू नये. चिखलात राजा आहे. आणि ज्याचा पाय आठ दिवस शिकलेला नाही त्याच्या हातात देऊ नये, मग तो कितीही मोठा कारागीर असो.

काल आठवा दिवस भरला. परत आलो तेव्हा बाबूमियाँनं टांगा दारापर्यंत आणला. खाली उतरला नाही. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. माफी मागायला मला शब्द सापडेना, मला, ज्याच्याकडे सगळे शब्द तयार असतात. तो घोड्याकडे बघत म्हणाला, "पाँव सीख गया तेरा," आणि गेला. खांदा तिरकाच जोडला जाणार आहे म्हणतात.

काकू उंबऱ्यात होत्या. त्या खाली आल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलीला हात लावला नव्हता, तुम्ही लावू देत नव्हतात, ग्रीस लागतं म्हणून. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं, तुम्ही धरायचात तसं, आणि मला विचारलं,

"गाडी कुनाची?"

फाट्यावर हाच प्रश्न होता. उद्या कुठल्यातरी फाट्यावर पुन्हा हाच असणार, काळ्या रंगाला न जुमानता.

"माझी," मी म्हणालो.

हँडल सोडायला त्यांना बराच वेळ लागला.